लगीन इनकरेक्ट

बळीराम पेठ, जळगाव
वैशाखातला एक तापलेला सोमवार, १९९९

श्रीमान शांतीलालशेठ, हल्ली मुक्काम धुळे, यांस चुडामणचा वाकून नमस्कार. (वाकलो हे खरं, पण टेबलाखालची वायर शोधायला वाकलो होतो, नमस्कार त्यातच उरकून घेतला. या वयात दोनदा वाकणं परवडत नाही.) तू माझ्याहून थोडा मोठा, म्हणून पहिल्या ओळीत 'यांस' लिहिलं. पुढे नेहमीप्रमाणे अरे-तुरे चालू करतो. गुडघे कसे आहेत? गोळ्या घेतोस की शर्टाच्या खिशात घालून गावभर फिरवतोस? सूनबाई वेळेवर जेवायला वाढते का, हे विचारत नाही, ती वाढतच असणार. तू वेळेवर पाटावर बसतोस का, ते कळव. इकडे आमच्या सौ. बेबाबाईची प्रकृती ठणठणीत आहे आणि त्यामुळे माझी जरा नरम असते. ऊन म्हणशील तर असं पडलंय की गच्चीवर वाळत घातलेले पापड तळायची गरज उरलेली नाही, तसेच खाली आणून खातो.

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या दिवसांनी लिहिलंस आणि तेही टपालखात्यावर उपकार केल्यासारखं मोजून. कॉम्प्युटर भंगारात देऊन टाक, प्रेसचं काय करायचं ते तुझं तू ठरव, जळगावात आता माझं काही उरलेलं नाही, आणि शेवटी 'बठ्ठं बरं शे'. शांतीलाल, उभा जन्म जळगावात काढलास आणि अहिराणीचा एक शब्द कधी तोंडातून काढला नाहीस. धुळ्याचं गिऱ्हाईक आलं की मला पुढे करायचास. आणि आता एकदम 'बठ्ठं बरं शे', सगळं बरं आहे म्हणून? जे स्वतःच्या भाषेत खोटं वाटतं ते माणूस दुसऱ्याच्या भाषेत लिहितो, एवढं मला कळतं. चंदनभाभी गेल्या आणि तू मुलाकडे गेलास, त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. एकट्याने घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा ते बरंच. पण 'काही उरलेलं नाही' हे वाचून मला राग आला, आणि राग आला की मी लांबलचक पत्र लिहितो हे तुला ठाऊक आहे. तेव्हा चष्मा पुसून बस.

आधी मुद्द्याचं सांगतो. कॉम्प्युटर मी घरी आणून ठेवलाय, भंगारात दिलेला नाही. देणारही नाही. तो मुंबईहून टेम्पोतून आला तो दिवस आठवतो का? आपल्या मंगल मुद्रणालयाच्या दारात अर्धी पेठ जमली होती आणि तू टेम्पोवाल्याला 'हळू, हळू' म्हणत स्वतःच पायरीवर धडपडला होतास. भाभी पूजेचं ताट घेऊन आल्या. पडद्याला हार घातला, आणि मग त्यांनी तुला विचारलं, की एवढ्या कळांमधली मुख्य कळ कोणती? तू म्हणालास, एंटरची, ती दाबल्याशिवाय इथे काहीच घडत नाही. भाभींनी त्या कळीवर कुंकवाचं बोट टेकवलं. थोडं थोडकं नाही, चांगलं ठसठशीत. ते फटीत गेलं ते गेलंच. मी सुईने काढलं, स्पिरिटने पुसलं, तरी ती कळ आजही गुलाबी आहे. असला कीबोर्ड मी भंगारवाल्याच्या तराजूत टाकायचा? तू टाकशील?

तर या मशीनची हकीकत अशी, की लग्नसराई सुरू झाली आणि फैजपूरकडच्या एका गिऱ्हाइकाने पत्रिकेचा मजकूर फ्लॉपीत घालून आणला. (पूर्वी मजकूर पाठकोऱ्या कागदावर यायचा आणि त्यावर फार तर चहाचा डाग असायचा.) फ्लॉपीत मजकुरासोबत व्हायरसही होता. मशीनने आधी अक्षरं उलटीपालटी केली, मग ते इतकं मंदावलं की सकाळी चालू करून मी दाढी, अंघोळ, पूजा आटोपायचो तरी त्याचं आपलं चाललेलंच. दुरुस्तीवाल्याने दारातूनच मान हलवली. म्हणाला, मशीन म्हातारं झालं काका, नव्या खिडक्यांची, म्हणजे विंडोजची, व्यवस्था याला झेपणार नाही, नवीन घ्या. तो हे मशीनकडे बघून बोलत होता की माझ्याकडे, हे मला नीट कळलं नाही.

मग मोतीलाल आला. आठवला का? भुसावळच्या रेल्वे ऑफिसातला. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत तू 'मो'चा 'मा' करून त्याला मातीलाल केलं होतंस आणि नवरदेव स्वतः प्रूफ बघायला आला म्हणून वाचलास. त्याला आता कॉम्प्युटरचं वेड लागलंय. एका मासिकासोबत त्याला एक तबकडी मिळाली होती, तीवर लिनक्स नावाची नवी व्यवस्था होती. जुन्या मशीनवर चालते, आपल्याला छळणारे व्हायरस तिच्या वाटेला जात नाहीत, वापरणाऱ्याला फार सोयीची, आणि फुकट. फुकट म्हटल्यावर बेबाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, तुला याच्यात काय मिळतं ते आधी सांग. तो म्हणाला चहा. त्याने दिवसभर तो वसूलही केला. पडद्यावरून इंग्रजी ओळींची रीघ लागली आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मशीन हिरव्या अक्षरात 'ओके' म्हणत होतं. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी प्रत्येक गोष्टीला होकार द्यावा तसं ते ओके, ओके ऐकून मला भरून आलं. इतक्या दिवसांत या घरात माझ्या कुठल्याच गोष्टीला कोणी ओके म्हटलं नव्हतं.

आणि मग पडदा उजळला. काय सांगू, छान आहे रे. चित्रं, बटणं, कचऱ्याची टोपली, सगळं जागच्या जागी, आणि ते म्हातारं मशीन अंगात वारं शिरल्यासारखं पळायला लागलं. सगळ्यात गंमत म्हणजे यात एका टेबलाची चार टेबलं आहेत. खाली बटण दाबलं की पहिलं टेबल जातं आणि दुसरं येतं, कोरं. मी पहिल्या टेबलावर पसारा मांडतो. दुसरं रिकामं ठेवतो. मोतीलालने कारण विचारलं, मी म्हटलं सवय. आपल्या प्रेसमध्ये तुझं टेबल माझ्यासमोर असायचं आणि त्यावर मी कागद ठेवला की तू ओरडायचास. ओरडणारा गेला तरी कागद ठेवायला हात धजत नाही.

आता घोटाळा ऐक. त्या तबकडीच्या कागदावर लिनक्सच्या निशाणीचा एक पक्षी छापलाय, पोट पांढरं, पाठ काळी, बर्फातला. पेंग्विन म्हणतात. बेबाबाईने मोतीलालला विचारलं, हा कुठला? तो म्हणाला, दक्षिण ध्रुवाकडचा, बर्फावर राहतो. बस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून पडलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. बेबाबाईच्या मनात आलं, की बर्फातलं जनावर जळगावच्या मे महिन्यात मशीनमध्ये कोंडून ठेवलंय. (चित्र आहे हे तिला कळतं. पण तिचं म्हणणं, नाव घेऊन आणलंय ना, मग सोय बघायला हवी.) तिने कूलर ओढून मशीनसमोर आणला. कूलर लावायला प्लग रिकामा नव्हता, म्हणून एक उपटला. तो मशीनचा निघाला. बर्फातल्या पक्ष्याला गार वारं मिळावं म्हणून तिने पक्ष्यालाच बंद केलं.

मी उठून प्लग बदलला तर मशीन रुसलेलं. ओके नाही, काही नाही. कुठलीशी तपासणी काढून बसलं, टक्के मोजत राहिलं. शेवटी चित्रं, टेबलं सगळं गायब, काळा कुळकुळीत पडदा आणि त्यावर एकच शब्द: login. पुढे दोन ठिपके. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण मोतीलाल मशीन चालू करून देऊन गेला होता आणि मी भीतीने ते बंदच केलं नव्हतं. नेमके त्याच वेळी यावल तालुक्यातले जीवराम पाटील मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. केळीचा मोठा बागाईतदार माणूस, जुनं गिऱ्हाईक, थोरलीची पत्रिका तूच जुळवली होतीस. त्यांनी खुर्ची ओढली, पडद्यावरची अक्षरं बोटाने एकेक लावून वाचली आणि मला म्हणाले, "चुडामणभाऊ, हे तं इचारून ऱ्हायलं, कोनाचं लगीन?"

हसू नकोस. तू असतास तर तूही तेच वाचलं असतंस. आपला धंदा लग्नपत्रिकांचा, मोतीलाल दहा वेळा म्हणाला होता की वापरणाऱ्याला सोयीची आहे, मला वाटलं, पोराने आपल्यासाठी तशी सोय करून दिली. मी नवरदेवाचं नाव इंग्रजीत टाईप केलं. मशीनने पुढचा प्रश्न टाकला, password. जीवरामभाऊ म्हणाले, आता नवरीचं विचारत असेल. मी नवरीचं नाव टाईप करायला लागलो तर पडद्यावर अक्षर उमटेना. एकही नाही. मी कळा जोरात दाबल्या, तरी नाही. जीवरामभाऊंना उलट बरं वाटलं. म्हणाले, लगीन ठरल्यावर पोरगी लपतेच, तुम्ही पुढे चला. मी भाभींच्या गुलाबी कळीवर बोट ठेवलं आणि दाबलं. मशीनने जरा विचार केला आणि लिहिलं, लगीन इनकरेक्ट.

जीवरामभाऊ मॅट्रिकपर्यंत शिकलेले. इनकरेक्टचा अर्थ त्यांना मला विचारावा लागला नाही. त्यांनी उपरण्याने मान पुसली. मी म्हटलं, आडनाव राहिलं असेल. आडनावासकट टाकलं. मशीनने पुन्हा विचार केला आणि पुन्हा तेच. गावासकट टाकलं, तरी तेच. माणसाने एकदा चुकीचं म्हटलं तर वाद घालता येतो, हे मशीन दर वेळी तितक्याच शांतपणे सांगत होतं, त्यामुळे मलाही त्या सोयरिकीबद्दल शंका यायला लागली. शेवटी ते उठले. मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला आणि इतकंच म्हणाले, "पत्रिका आज ऱ्हाऊ द्या, भाऊ." त्यांचा चेहरा बघून मला बसवेना. आपण दोघांनी एवढ्या लग्नांना अक्षरं दिली, मोडायला कारण कधी झालो नव्हतो.

मी मोतीलालला फोन करून बोलावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तो येईल त्या वेळेला जीवरामभाऊंनाही. मोतीलाल पोटभर हसला. मग समजावून सांगितलं, की हा शब्द लॉगिन आहे, म्हणजे आत कोण येतंय ते सांगा. ज्यांची नावं मशीनला ठाऊक आहेत त्यांनाच ते आत घेतं, बाकीच्यांना इनकरेक्ट म्हणतं. जीवरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक, पण माझ्या जावयाला ते इनकरेक्ट म्हणालं की नाही? यावर मोतीलालने खुर्ची पुढे ओढली. माणूस चांगला आहे. त्याने मालक म्हणून आत शिरून नवरदेवाच्या नावाचं खातं तयार केलं, परवलीचा शब्द म्हणून नवरीचं नाव घातलं आणि कीबोर्ड जीवरामभाऊंपुढे सरकवला. त्यांनी एका बोटाने दोन्ही नावं लिहिली आणि कळ दाबली. पडदा उजळला, चित्रं आली, टेबलं आली. मोतीलालने सांगितलं, की या व्यवस्थेत ज्याचं नाव घातलं त्याच्यासाठी मशीन आत एक वेगळं घर बांधतं, होम म्हणतात त्याला, आणि तो असो-नसो, ते घर त्याच्याच नावाने राहतं. जीवरामभाऊ म्हणाले, "जावयाले घर बी यानंच देलं? मंग आंदन द्यायले मी काय ठेवू?" आणि हसले. जाताना पत्रिका वाढवून सांगितल्या. मी बेबाबाईला चहा करायला सांगितला तो आनंदाने नाही, सुटलो म्हणून.

मशीन रुसलं का, हेही मोतीलालने त्या चहावर सांगितलं. या लिनक्सला असं अचानक बंद केलेलं खपत नाही. आधी त्याला सांगायचं, की आता आवर. मग ते उघडलेलं एकेक मिटतं, ठेवायचं ते जागेवर ठेवतं, आणि सगळं झाल्यावर स्वतःच सांगतं, की आता बंद केलंत तरी चालेल. निरोप न घेता गेलात तर दुसऱ्या दिवशी ते घाबरून सगळं घर तपासत बसतं, काय हरवलं, काय फुटलं. बेबाबाई कपबशा उचलता उचलता म्हणाली, "मंग सरळ सांग नं, 'येतो' म्हनल्याबिगर उठू नये." मोतीलाल म्हणाला, हेच. तेव्हापासून संध्याकाळी मी मशीन बंद करायला बसलो की ती आतून आवाज देते, 'येतो म्हना', आणि मी म्हणतो. वेडेपणा आहे, पण म्हणतो.

शांतीलाल, तू गेलास त्या दिवशी धुळ्याच्या गाडीत मी तुझी ट्रंक वर ठेवली. तू खिडकीशी बसलास. एरंडोलला पत्रिका पोचवायला निघालास तरी 'येतो' म्हणून जाणारा माणूस तू. प्रेसमधून पान खायला खाली उतरलास तरी 'येतो' म्हणायचास आणि मी म्हणायचो, गेला नाहीस तर येणार कसा. त्या दिवशी तू म्हणालास, 'जातो, चुडामण.' तेवढ्यात गाडी हलली. घरी येऊन मी बेबाबाईलाही सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी रोज त्या मशीनसारखा टक्के मोजत तपासत बसलोय, काय हरवलं, काय फुटलं.

असो. पत्र लांबलं. सूनबाईला आणि मुलाला माझा आशीर्वाद सांग, नातवाला गुडघ्यावर घेत जाऊ नकोस, गुडघा त्याचा नाही. उन्हात फिरू नकोस, पांझरेच्या पुलावर उभा राहून पाणी आहे का बघू नकोस, वैशाखात नसतंच. मशीन झकास चाललंय आणि मीही. तुझ्या कार्डाच्या भाषेत सांगायचं तर बठ्ठं बरं शे. तुझ्या खिशातल्या गोळ्यांची आठवण करून देणारा,

चुडामण

ता. क. मशीन झकास चाललंय असं वर लिहिलं, त्यात एक बारीकसं सांगायचं राहिलं. या लिनक्समध्ये मराठी नाही. मोतीलालने सगळं धुंडाळलं, उभ्या तबकडीत मराठीचा एक काना सापडला नाही. म्हणजे लग्नपत्रिकेच्या धंद्याला ते मशीन आता काडीच्या उपयोगाचं नाही. (हे पत्र हाताने का लिहिलंय, हा प्रश्न तुला आतापर्यंत पडायला हवा होता.) जीवरामभाऊंची पत्रिका मी माळ्यावरचे जुने खिळे, आपली ती शिशाची अक्षरं, उतरवून हाताने जुळवली. आणि पुन्हा तेच झालं, ळ संपले. तुला आठवतं, खिळे ओतणाऱ्या मुंबईच्या फौंड्रीवाल्याला आपण किती पत्रं लिहिली, की बाबा रे, जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, आमच्या खानदेशात ळशिवाय गावच नाही, आम्हाला ळ जास्त पाठव. त्याने कधी पाठवले नाहीत. मग तू 'सकाळी'चं 'प्रातःसमयी' करायचास, 'स्थळ'चं 'ठिकाण', आणि पत्रिका उलट भारदस्त दिसायची. या खेपेला नवरदेव भुसावळचा, मामा अमळनेरचे, आणि शेवटी 'वेळ' लिहायला माझ्याकडे ळ उरला नाही. 'मुहूर्त' हा शब्द तुला क्षणात सुचला असता. मला पत्रिका छापून झाल्यावर सुचला. मी 'टाईम' छापलं. लग्नपत्रिकेत टाईम, शांतीलाल. भाभींनी पाहिलं असतं तर माझा चहा बंद केला असता. अजून निम्मी लग्नसराई बाकी आहे आणि मला शब्द पुरत नाहीत.

आणखी एक. मग धंद्याला निरुपयोगी मशीन मी का ठेवलंय, असं बेबाबाईने विचारलं. तिला जे सांगितलं तेच तुला सांगतो. जीवरामभाऊंच्या जावयाचं घर बांधून झाल्यावर मी मोतीलालला म्हटलं, तसंच एक शांतीच्या नावाने बांध. त्याने बांधलं. मी मालक म्हणून आत जाऊन पाहिलं, घराचं नाव शांती आणि घरात शांती नाही, नुसतं रिकामं आहे. तू लिहितोस, जळगावात माझं काही उरलेलं नाही. हे उरलंय. परवलीचा शब्द मोतीलाल मला ठरवायला सांगत होता, मी नाही म्हटलं. तो ज्याचा त्याने स्वतःच्या बोटांनी टाकायचा असतो आणि मग ती गुलाबी कळ दाबायची असते. ती दाबल्याशिवाय इथे काहीच घडत नाही, हे तूच भाभींना सांगितलं होतंस.

कायमचा राहायला ये असं म्हणत नाही, मुलाचं मन मोडू नकोस. निघताना सूनबाईला 'येतो' म्हणून निघ. आणि इथून परत जाशील तेव्हा मलाही तेच म्हण.